महापुरात माझा धंदा वाढला, ही वाढ कुठल्या खात्यात मांडायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

परवाचा तुमचा अंक टपरीवर चहा पिता पिता वाचला. पहिल्या पानावर ठळक टायपात महाराष्ट्र एक ट्रिलियन डॉलरच्या इकॉनॉमीकडे कसा निघालाय ते, आणि आत पाचव्या पानावर खाली कोपऱ्यात पंचगंगेच्या पाण्याला परत वास यायला लागलाय ही चार ओळींची बातमी. दोन्ही खऱ्याच असणार, त्यात वाद नाही. पण ह्या दोन बातम्या सख्ख्या बहिणी असतील अशी शंका कुणाला येत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा, मोटरीचा भाग तेवढा ठेवा.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत परत तार भरून द्यायचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. शेतीपंपाच्या मोटरी, सबमर्सिबल, एखाद्या फौंड्रीतल्या ब्लोअरची मोटर, जे येईल ते भरून द्यायचं. शिक्षण आयटीआय. कॉइलला वार्निश मारून मोटर भट्टीत ठेवली की वाळेपर्यंत हातात काम नसतं, त्या वेळात पेपर आणि वाचनालयातली पुस्तकं वाचायची जुनी खोड आहे, अर्थशास्त्र जे काय कळतं ते त्यातनंच, त्यामुळं चुकलं तर प्राध्यापक मंडळींनी खुशाल कान धरावा.

तर मोटरीचं. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, तिथं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल संपलं, एटीएम रिकामी, दुधाच्या पिशवीसाठी लोक वणवण फिरत होते. माझं दुकान उंचावर म्हणून वाचलं. पाणी उतरलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोटरी यायला लागल्या. टेम्पोतनं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं, एकजण तर मोटरसायकलच्या मागं पोत्यात बांधून घेऊन आला. नदीकाठचे पंप पाऊस वाढला की शेतकरी वर ओढून घेतात, पण त्या वर्षी पाणी असं झपाट्यानं चढलं की जीव वाचवायचा का मोटर हीच पाळी. आत सगळा चिखल, बेअरिंग गेलेलं, वाइंडिंग काळं ठिक्कर. दुकानापुढं फूटपाथवर मोटरींची रांग, प्रत्येकीवर खडूनं गावाचं नाव. जादा तीन पोरं लावली, रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत काम, दिवाळीपर्यंत दम खाल्ला नाही. मार्चला हिशेब लागला तर आदल्या वर्षीच्या अडीच पट धंदा. हिशेब बघणारा पोरगा खूश, म्हणाला मिस्त्री तुमची ग्रोथ जबरदस्त आहे, बँकेचं लोन घ्या आणि वाढवा.

त्याला काय सांगू. त्याच सीझनला चिखलीकडचे एक अण्णा मोटर न्यायला आले होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. घराची मागची भिंत गेलेली, ऊस पाण्यात कुजलेला, आणि रिवाइंडिंगचे पैसे द्यायला म्हैस विकलेली. पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि शांतपणे म्हणाले, मिस्त्री, पुरानं माझं नेलं आणि तुझ्याकडं आणून टाकलं बघ. रागानं नाही म्हणाले, पण मला तीन-चार दिवस जेवण गोड लागलं नाही. अर्धे पैसे परत घ्या म्हटलं तर घेतले पण नाहीत.

आता गंमत बघा. देशाच्या जमाखर्चात अण्णांचा ऊस बुडाला तेवढं त्या वर्षीचं उत्पादन कमी धरतात, ते बरोबर आहे. पण बुडालेली मोटर, पडलेली भिंत, वाहून गेलेली माती, म्हणजे आयुष्यभर साठवलेलं जे होतं ते जीडीपीमधनं, म्हणजे देशाच्या उत्पादनाच्या आकड्यातनं, कुठंच वजा होत नाही. आणि ती मोटर मी भरून दिली की ते मात्र जमा होतं. भिंतीचं सिमेंट जमा, जेसीबीचं भाडं जमा, पाण्याचा टँकर जमा, पुरानंतरच्या लेप्टोच्या तापाच्या गोळ्या जमा. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी गाव बुडवायचं आणि परत उभं करायचं, आकडा वाढतच राहील. २००५, २०१९, २०२१, तीनदा बघितलंय. २०२१ ला पण माझा धंदा चांगला झाला, लाज वाटते सांगायला पण झाला.

हे मला एकट्याला सुचलंय असं नाही. ज्या सायमन कुझनेट्स साहेबांनी अमेरिकेसाठी हा राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब १९३४ साली मांडून दिला त्यांनीच त्याच रिपोर्टात लिहून ठेवलं होतं की ह्या आकड्यावरनं राष्ट्राचं भलं चाललंय का नाही ते काढायला जाऊ नका. मिस्त्रीनं मशीन देताना सांगायचं की ही ड्रिल आहे, हिच्यावर लेथचं काम करू नका, आणि गिऱ्हाइकानं नेऊन नेमकं तेच करायचं, तसला प्रकार.

आपल्याकडं तर त्याच्याही आधीची गोष्ट आहे. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ चा हिशेब मांडून हिंदुस्थानातल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न सरासरी २० रुपये काढलं. आणि ते कशाशी ताडून बघितलं? तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला सरकार जेवढा खर्च करतं त्याच्याशी. सरकार कैद्याला जेवढं खायला घालतं तेवढंसुद्धा रयतेच्या वाट्याला येत नाही हे दाखवायला तो आकडा काढला होता. म्हणजे आपला पहिला आकडा पोटासाठी होता. माणसाला पुरेसं मिळतं का, एवढाच प्रश्न. त्या 'पुरेसं'चं पुढं 'जास्त' कधी झालं आणि 'जास्त'चं 'जगात चौथं' कधी झालं, हे कुणी अभ्यासकानं जरूर लिहावं. स्वातंत्र्यानंतर १९४९ ला राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली, अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, आणि सभासदांत आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. तेच गाडगीळ जे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करायला होते. एकाच माणसानं देशाचा आकडा पण मोजला आणि शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना पण उभा केला. आता कारखाना म्हटलं की दोन्हीतलं फक्त आकड्याचं उरलंय, गाळप किती आणि साखरेचा उतारा किती.

उसावरनं आठवलं. माझी सासुरवाडी शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. सासऱ्यांची तीन एकर काळी जमीन, अशी की आमच्या लग्नात वऱ्हाडी मंडळी मुद्दाम बघायला गेली होती. सासूबाई सांगायच्या, पूर्वी शाळू, हरभरा, भुईमूग, थोडी तंबाखू, बांधाला तूर, सगळं व्हायचं. मग लिफ्टचं, म्हणजे नदीतनं पंपानं उपसलेलं पाणी आलं, ऊस आला, पैसा आला, ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही, त्याच पैशावर मेव्हण्याचं इंजिनिअरिंग झालं. पण ऊस एकदा आला तो गेलाच नाही. लागण, खोडवा, परत लागण. पाट मोकाट सोडायचा, रात्री लाईट आली की मोटर चालू करून झोपायचं, पाण्यानं सकाळपर्यंत भिजवू दे काय भिजवायचं ते. वर युरियाचा मारा. पहिली काही वर्षं टनेज वाढत गेलं, गावात सत्कार पण झाला. मग एका उन्हाळ्यात खालच्या कोपऱ्यात मीठ फुटलं. पांढरं, भुरभुरीत, सकाळी दव पडल्यासारखं दिसायचं. जमिनीखालचं पाणी वर चढत चढत आलं आणि वाटेतला क्षार घेऊन आलं, पाणी उडून गेलं, क्षार तिथंच बसला. पाच वर्षांत दीड एकर क्षारपड, त्यात उसाचं टिपरू उगवंना. शिरोळमध्ये अशी हजारो एकर जमीन पांढरी झाली, कुणालाही विचारा.

पुढचं ऐका. मग तिथल्या कारखान्यानं पुढाकार घेतला, जमिनीत सच्छिद्र पाइपा गाडायच्या आणि खारं पाणी चरातनं बाहेर काढायचं. काम खरोखर चांगलं आहे, ज्यांनी केलं त्यांची जमीन परत पिकायला लागली, मी डोळ्यानं बघितलंय आणि ज्यांनी हे डोक्यात घेतलं त्यांचं कौतुकच केलं पाहिजे. पण सासऱ्यांना त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढावं लागलं. आता हा हिशेब लावा. ऊस वाढला, जमा. खत विकलं, जमा. जमीन मेली, कुठंच खर्ची नाही. पाइप विकल्या, जमा. कर्जावरच्या व्याजातली बँकेची कमाई, ती पण जमा. चाळीस वर्षं सगळं जमाच जमा आहे आणि शेवटी माणसाकडं काय, तर पूर्वी होती तीच तीन एकर, वर कर्ज. आणि ते खारं पाणी शेवटी गेलं कुठं, तर परत नदीतच. घरच्या चोपडीत बायकोनं असा हिशेब लिहिला असता तर आपण तिला खुळ्यात काढलं असतं.

बायकोचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. सरकारच्याच २०२४ च्या पाहणीत आलंय की घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८. ८८ वाचून आमच्या घरात हशा पिकला, म्हणे तुमची आठसुद्धा नाहीत. ही २८९ मिनिटं आकड्यात शून्य. तिनं उद्या भाकरी थापायचं बंद केलं आणि आम्ही दोन वेळा मेसचा डबा लावला की लगेच देशाची प्रगती.

आता ७ टक्के विकासदराचं. मंत्री म्हणतात ७ टक्के, विरोधक म्हणतात ७ कुठं, एवढे नाहीतच. दोघांचं भांडण आकडा खरा का खोटा, आकडा कशाला पाहिजे हे कुणीच विचारत नाही. कोल्हापूरकरांना पतसंस्थेची दामदुप्पट ठेव माहीत आहे. दर वर्षाला ७ टक्के म्हणजे दहा वर्षांत दामदुप्पट. वीस वर्षांत चौपट. शंभर वर्षं असंच चाललं तर चक्रवाढीनं आठशे पटीच्या वर जातं, कॅल्क्युलेटरवर करून बघा. मग आठशेपट सिमेंट, आठशेपट साखर? पंचगंगा एकच आहे, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून. तिला आठशेपट करायची योजना कुठल्या बजेटमध्ये बघण्यात नाही. १९७२ साली अमेरिकेतल्या एमआयटीतल्या तरुण पोरांनी क्लब ऑफ रोम नावाच्या अभ्यासमंडळासाठी कॉम्प्युटरवर हाच हिशेब मांडला की लोकसंख्या, कारखाने, प्रदूषण असंच चक्रवाढीनं वाढलं तर पुढच्या शंभर वर्षांच्या आत कुठंतरी पृथ्वीची मर्यादा लागणार. तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं.

माझा मुलगा पुण्यात आयटीत आहे, हे बोलायला लागलं की तो म्हणतो पप्पा, आता वाढ सिमेंटची नसते, सर्व्हिसेसची असते, डिजिटल असते आणि टेक्नॉलॉजी सुधारली की पाणी, वीज कमी लागते. त्याचं अर्धं बरोबर आहे. पण अर्ध्याचं उत्तर मला दुकानात रोज मिळतं. ठिबक केलं, पाणी वाचलं. मग त्या वाचलेल्या पाण्याचं काय केलं? वरचं माळरान मोडून तिथं पण ऊस लावला. चांगली मोटर बसवली, बिल कमी आलं, मग दोन तास जादा चालवली. जेवन्स नावाच्या इंग्रजानं १८६५ सालीच लिहिलंय, वाफेचं इंजिन सुधारलं म्हणून कोळसा कमी लागेल असं वाटलेलं, उलट जास्त लागला, कारण इंजिन परवडायला लागल्यावर सगळ्यांनी बसवलं. बचत करायची असेल तर कुठंतरी 'आता बास' हे आधी ठरवावं लागतं. ते मशीन ठरवत नाही, माणसंच ठरवतात.

दुसरा त्याचा मुद्दा जास्त कडक आहे आणि तो मला पटतो. म्हणतो, पप्पा तुमचं पोट भरलंय म्हणून तुम्ही वाढ नको म्हणताय, ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं काय करायचं? बरोबर आहे. ज्या वाडीवर अजून दवाखान्याला पेशंट डालग्यात घालून न्यावा लागतो तिथं रस्ता पाहिजे, लाईट पाहिजे, नर्स पाहिजे, तिथं वाढ नको म्हणणारा मी कोण. पण मग त्याच वाढीला विचारू की, एवढी वर्षं तू कुणाच्या घरी गेलीस? ८० कोटींच्या वर लोकांना फुकट रेशन द्यावं लागतंय हे सरकारच अभिमानानं सांगतं, आणि अभ्यासकांचा २०२२-२३ चा आकडा सांगतो की वरच्या एक टक्का लोकांच्या हातात देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा आहे, संपत्तीचा ४० टक्के. म्हणजे ताट मोठं केलं आणि वाढपी तोच ठेवला. शेवटच्या पंगतीला डाळीचं पाणीच. केरळ आपल्यापेक्षा फार श्रीमंत कधीच नव्हतं तरी तिथं बाळं कमी मरतात आणि माणसं जास्त जगतात, कारण पैसा आधी शाळेत आणि दवाखान्यात घातला. आकडा मोठा होईपर्यंत थांबले नाहीत.

आणि कुणी म्हणेल शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण का बांधलं मग, मिल का काढली, शाहूपुरीची पेठ का वसवली, ती पण वाढच की. होय, वाढच. पण ती कशासाठी होती ते दिसत होतं, रयतेच्या शेताला पाणी, गुळाला बाजार, हाताला काम. मी वाढीच्या नावानं बोटं मोडत नाही. पोरगं वाढतं तेव्हा आपण खूश होतो, पण पंचविशीनंतर पण उंची वाढतच राहिली तर डॉक्टरकडं नेतो.

फ्रान्सकडं ह्याला डीग्रोथ म्हणतात, म्हणजे श्रीमंत देशांनी आपला पसारा ठरवून कमी करायचा. आपल्याला तो शब्द अजून झेपायचा नाही आणि तसाच्या तसा लागू पण होत नाही. भूतानचं पण सगळे कौतुकानं सांगतात, आनंद मोजणारा देश म्हणून, पण तिथली तरुण पोरं ऑस्ट्रेलियाला निघालीत ही पण बातमी आहेच. त्यामुळं लांबचं राहू दे. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पाऊस आपल्या मानानं काहीच नाही. तिथं दर वर्षी गावसभेत पाण्याचं बजेट मांडतात, यंदा एवढा पाऊस झाला, प्यायला एवढं, जनावरांना एवढं, मग उरलेल्यात कुठलं पीक. शेतीला बोअर मारायची बंदी, ऊस आणि केळी लावायची बंदी. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर हे सुरू झालं आणि गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली. गडचिरोलीतलं मेंढा लेखा घ्या, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं, जंगलातला बांबू किती तोडायचा ते गाव एकत्र बसून ठरवतं. बंदी हा शब्द आपल्याला टोचतो. पण आपण ज्याला प्रगती म्हणतो तिनं आपल्यावर किती बंद्या घातल्यात ते बघा की, पंचगंगेत पोहायची बंदी कुणी कायद्यानं घातली नाही, वासानंच घातली. माझ्या वयाच्या अख्ख्या शिवाजी पेठेनं तिथं डबे बांधून पोहायला शिकलंय. आणि खाली इचलकरंजीला विचारा, नदी दारात असून प्यायच्या पाण्यासाठी दुसऱ्या नदीकडं हात पसरावा लागतो आणि तिथल्या गावांशी भांडण लागतं.

आपल्या कोल्हापुरात पर्याय नाहीत असं पण नाही, फक्त त्याला आपण पर्याय म्हणत नाही, मागासलेपण म्हणतो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा रात्री. म्हैस समोर उभी, समोरच धार काढून ग्लास हातात. ना पिशवी, ना चिलिंग, ना टँकर. आकड्यात त्याची किंमत पिशवीच्या दुधापेक्षा कमीच धरली जाणार. कोल्हापुरी चप्पल घ्या, तळ झिजला की परत लावून मिळतो, एक जोड वर्षानुवर्षं जाते. २०२५ ला मिलानच्या रॅम्पवर इटलीच्या प्राडा कंपनीनं तसलीच चप्पल चालवली, किंमत लाखाच्या पुढं, तेव्हा आपल्या सगळ्यांना चपलेचा अभिमान आठवला. सुभाषनगरातल्या कारागिराची मजुरी वाढली का, ते मात्र कुणी विचारायला गेलं नाही.

आणि आमचं उद्यमनगर. इथं म्हण आहे, गोऱ्यानं बनवलं आणि उद्यमनगरनं चालवलं. कुठलंही जुनं मशीन आणा, पार्ट मिळत नसेल तर ओतून, लेथवर काढून देणार. ही दुरुस्तीची विद्या आता मरायला लागलीय आणि म्हाताऱ्या मिस्त्रींबरोबर जाईल. पूर्वीची मोटर चार बोल्ट काढले की उघडायची. आता नव्या पंपांचा कंट्रोलर येतो, आत कार्ड, वर रेझिन ओतून पॅक केलेलं, बिघडलं की कंपनीचा माणूस सांगतो नवीन घ्या. कार्डावरचा शंभर रुपयांचा पार्ट गेलेला असतो, मला दिसतो, पण काढता येत नाही. मी दुरुस्त केली तर आकड्यात दोन-तीन हजार पडतात, नवीन घेतली तर वीस-तीस हजार, मग आकडा कुणाच्या बाजूनं बोलणार? स्वीडननं २०१७ ला सायकल, चपला, कपडे दुरुस्तीवरचा कर निम्म्यावर आणला होता. आपल्याकडं २०२२ च्या शेवटी सरकारनं राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, छान केलं, पण दुरुस्तीच्या मजुरीवर १८ टक्के जीएसटी तसाच आहे. सरकारनं तो ५ वर आणावा आणि कंपन्यांना पार्ट विकायची सक्ती करावी, पाच हजार पोरांना ह्या एका जिल्ह्यात काम मिळेल असं मी म्हटलं तर तो माझा अंदाज समजा, पण दुकानाच्या अनुभवातनं सांगतोय.

कोल्हापूरकर नको म्हणायला घाबरत नाहीत. शहरातल्या रस्त्यांचा टोल आपण चार-पाच वर्षं लढून २०१५ च्या शेवटी घालवला, एन. डी. पाटील सर ऐंशीच्या पुढं वय असताना मोर्चाच्या पुढं असायचे. आता शक्तिपीठ महामार्गाला पण गावं नको म्हणतायत, ८०० किलोमीटरचा रस्ता, हजारो एकर बागायत, आणि पुराच्या पट्ट्यात अजून एक भराव. हायवेच्या भरावानं पाणी तुंबतं हे शिरोलीजवळ आपण बघितलंय. माझा पाठिंबा आहेच, पण आपल्याच लोकांना एक टोचून बोलतो. दर वर्षी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरासाठी आपण गर्जना करतो, केली पाहिजे, २०२५-२६ ला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये होता आणि खतांचे भाव बघा. पण पाणी किती वापरायचं, एकरातला किती भाग उसाला द्यायचा, ह्यासाठी परिषद कधी भरली? महामार्ग जमीन घेतो ते दिसतं, मीठ जमीन घेतं ते दिसत नाही. तिथं आपण पण सरकारसारखंच वागतो, टनेजचा आकडा वाढला की झालं.

संपादक साहेब, आता तुमच्याकडं एक मागणं आहे, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. पावसाळ्यात तुम्ही रोज पहिल्या पानावर राजाराम बंधाऱ्याची पातळी छापता. किती फूट किती इंच, किती बंधारे पाण्याखाली. कोल्हापुरातलं शेंबडं पोर पण सांगतं आज किती फूट आहे, इशारा ३९, धोका ४३. जगात दुसरं शहर असेल का जिथं नदीचा आकडा सोन्याच्या भावाच्या आधी वाचतात? मग तोच चौकोन बाराही महिने ठेवा. पाऊस संपला की पातळीच्या जागी पाण्यात ऑक्सिजन किती ते छापा, मासे मेले का जगले. आठवड्यातनं एकदा शिरोळ-हातकणंगल्यात क्षारपड किती एकर आहे ते, रंकाळा तलावात जलपर्णी किती पसरली ते. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, एका बेडवर किती पेशंट. फौंड्रीतल्या पोराची शिफ्ट किती तासांची. इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ केन्स साहेब १९३० ला म्हणाले होते की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, २०३० उंबऱ्यावर आलंय, उद्यमनगरात अजून दिवसाला बारा तास चाललंय, ते पण ओव्हरटाइम मिळाला तर नशीब म्हणून. हे सगळे आकडे कुठल्या ना कुठल्या ऑफिसात पडून आहेत, तुमचे वार्ताहर आठवड्याला एक चक्कर मारतील तर मिळतील. ट्रिलियन डॉलर पण छापा, माझी हरकत नाही, फक्त हा चौकोन त्याच्या शेजारी ठेवा, पाचव्या पानावर नको.

पत्र लिहितोय तर मे संपत आलाय. आमच्या धंद्यात पावसाळ्याच्या आधी तांब्याच्या तारेची ऑर्डर द्यायची असते, तांब्याचा भाव पण आता बघवत नाही. २०१९ नंतर मी दर वर्षी थोडी जादाच भरून ठेवतो, न जाणो. काल तारवाल्याचा फोन आला, मिस्त्री यंदा किती किलो लिहू, वरचं हवामान बघता जादाच घ्या. दोन दिवसांनी सांगतो म्हटलंय, अजून सांगितलं नाही.

आपला,
एक नेहमीचा वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर